दिवा रीसेट झाला, हवा तशीच राहिली : एका मागच्या टायरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी साधी, पाच आसनी, पेट्रोलवरची, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी. टायर ट्यूबलेस, रिम अलॉयच्या. नावावर वडिलांच्या, पण रोज चालवते मुलगी. कामावर जाऊन-येऊन तिचं चाळीसेक किलोमीटर अंतर होतं आणि त्यातला बराचसा रस्ता ऐंशीच्या वेगाचा. वडील निवृत्त झाल्यापासून सर्व्हिसिंग, ऑइल, हवा हे सगळं त्यांच्याकडे आहे आणि ते ते मनापासून करतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते बेफिकिरीतून झालेलं नाही. गाडीची काळजी घेणाऱ्या घरात झालेलं आहे. म्हणूनच ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

या गाडीत टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती, पण टायरच्या आत सेन्सर नव्हते. अशा यंत्रणेला अप्रत्यक्ष म्हणतात. ती हवा मोजत नाही, एबीएससाठी (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बसवलेल्या चाकांच्या वेग-सेन्सरकडून माहिती घेते. एखाद्या टायरमधली हवा कमी झाली की त्याची फिरण्याची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक बाकीच्या तिघांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. तो फरक पकडून डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तुलना कशाशी करायची, हे मात्र यंत्रणेला शिकवावं लागतं. चारही टायर योग्य हवेवर आणून रीसेटचं बटण दाबलं की ती त्या वेळची स्थिती ‘बरोबर’ म्हणून साठवते. बटण दाबताना हवा चुकीची असेल, तर ती चुकीची स्थितीच बरोबर म्हणून साठवली जाते.

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर होतं. तीन माणसांपर्यंत चारही टायरना ३३ पीएसआय (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, हवेचा दाब मोजण्याचं एकक). पाच माणसं आणि सामान असेल तर पुढे ३५, मागे ३९. वडिलांना ३३ हा आकडा तोंडपाठ होता आणि तो बरोबरही होता. पण हे सगळे आकडे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा चालली असली तरी दीड-एक किलोमीटरहून जास्त नाही. ही अट आणि भरल्या गाडीचा वेगळा आकडा, दोन्ही घरात कुणाच्या लक्षात नव्हतं.

अडचण कशी वाढत गेली

उन्हाळा संपून थंडीला सुरुवात झाली आणि एका सकाळी दिवा लागला. मुलीने सांगितलं तेव्हा वडिलांनी खाली जाऊन टायर पाहिले, पायाने दाबले. “अगं, टायर तर ठीक दिसतायत. सेन्सर असाच करतो थंडीत. दुपारी हवा भरून आणतो.”

पायाने दाबून किंवा नजरेने रेडिअल टायरची, म्हणजे आजकाल कारना असतात तसल्या टायरची, हवा कळत नाही. रेडिअल टायरची बाजूची भिंत लवचीक असते, त्यामुळे योग्य हवा असतानाही तो जमिनीपाशी थोडा फुगलेला दिसतो. ३३ आणि २६ शेजारी-शेजारी ठेवले तरी सरावलेल्या माणसालाही खात्रीने ओळखता येणार नाहीत. नजरेला फरक दिसायला लागेपर्यंत टायरचं बरंच नुकसान झालेलं असतं.

वडील दुपारी वीसेक किलोमीटर गाडी चालवून एक काम उरकून पंपावर गेले, मशीनवर ३३ लावून चारही टायर भरून घेतले आणि रीसेट दाबलं. दिवा विझला.

काही आठवड्यांनी तो पुन्हा लागला. या वेळी पंपावर जायला सवड नव्हती. वडिलांनी नुसतं रीसेट दाबलं आणि दिवा पुन्हा विझला. या प्रकरणातली सगळ्यात महागाची कृती हीच, असं माझं मत आहे. एक टायर बाकीच्यांपेक्षा उतरलाय, ही खरी खबर यंत्रणा देत होती. रीसेटमुळे ते उतरलेपण नेहमीचं म्हणून नोंदलं गेलं आणि पुढच्या इशाऱ्यासाठी तो टायर आणखी बराच उतरणं भाग पडलं.

त्यानंतर गाडीने दुसऱ्या वाटेने सांगायला सुरुवात केली. मुलीला वाटायला लागलं की गाडी किंचित डावीकडे ओढतेय आणि ओल्या वळणावर मागची बाजू हलकी होतेय. तिने वडिलांना सांगितलं, वडिलांनी गॅरेजमध्ये. तिथे व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून दिली गेली. टायरची हवा मात्र अलाइनमेंटच्या आधी कुणी तपासली नाही. खरं तर ते पहिलं पाऊल असायला हवं. एका कोपऱ्यातला टायर बसलेला असेल तर गाडी त्या कोपऱ्यात खाली झुकते आणि त्या स्थितीत घेतलेले कोन सरळ गाडीचे नसतात. दोन-चार दिवस बरं वाटलं, मग ओढ परत आली.

पुढच्या आठवड्यात पाच जणांचा, सामानासह, दिवसभराचा लांबचा प्रवास ठरला होता. मुलगी म्हणाली, “बाबा, निघायच्या आधी एकदा नीट मोजू या. पंपावर नको. सकाळी, इथेच, गाडी उभी असताना.” इथे प्रकरणाला वळण मिळालं. एव्हाना त्यांनी मलाही बोलावलं होतं.

मोजमाप

सकाळी हवेचं तापमान १४ अंश होतं, गाडी रात्रभर उभी होती. चांगल्या दर्जाचं डायल गेज लावून आकडे घेतले. पुढचे दोन्ही २६. मागचा उजवा २५.५. मागचा डावा १८.

१८ ऐकून वडील गप्प झाले. मला मात्र आधी उरलेल्या तिघांबद्दल बोलायचं होतं. एका टायरला गळती असू शकते, ते समजण्यासारखं आहे. पण ३३ भरलेले इतर तीन टायर २६ वर कसे आले? त्यांना तर गळती नव्हती.

उत्तर दोन ठिकाणी सापडलं. नंतर पंपावर जाऊन मशीनने भरल्या-भरल्या आमच्या गेजने मोजलं, तेव्हा मशीन ३३ दाखवत असताना गेज ३१ दाखवत होतं. आणखी एका गेजनेही ३१च दिलं. म्हणजे मशीनच दोनने पुढे होतं. दुसरं कारण तापमानाचं. वीस किलोमीटर पळून आलेल्या टायरमधली हवा दुपारी ४५ अंशांच्या आसपास असेल असं धरू. वायूचा दाब निरपेक्ष, म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या, तापमानाच्या प्रमाणात बदलतो. गेजवरच्या ३१ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवले की खरा दाब ४५.७ होतो. ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन, सकाळचे १४ अंश म्हणजे २८७. हिशेब केला की खरा दाब ४१.२ येतो आणि गेजवर २६.५. त्यातून काही आठवड्यांत रबरातून आपोआप झिरपलेला अर्धा-एक पीएसआय वजा करा. सगळे आकडे जुळले.

ढोबळ हिशेब लक्षात ठेवायचा तर दर १० अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. शिवाय निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जातेच. ट्यूबलेस टायरच्या आतलं ब्यूटिल रबराचं अस्तर हवा धरून ठेवतं, पण पूर्णपणे नाही.

वडिलांनी ३३च भरले होते. फक्त तो ३३ तापलेल्या टायरचा होता आणि दोनने चुकलेल्या मशीनचा होता. नियमित हवा भरूनही गाडी कायम सात पीएसआय कमी चालत होती, ती अशी.

धोका नेमका कशाचा होता

कमी हवेचा विषय निघाला की लोक आधी मायलेजबद्दल बोलतात. मायलेजवर परिणाम होतोच, पण वाटतो तेवढा मोठा नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरच्या सरासरी दाबात दर १ पीएसआय घट झाली की इंधनाचा किफायतशीरपणा सुमारे ०.२ टक्के घटतो. या गाडीची सरासरी नऊ पीएसआयने कमी होती, म्हणजे दोन टक्क्यांच्या आतबाहेर. एवढ्याने कुणी सकाळी उठून गेज लावणार नाही, आणि या एकाच मुद्द्यावर लोकांना पटवायला गेलं की ते ऐकत नाहीत, असा अनुभव आहे.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. गाडीचं वजन टायरचं रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. हवा कमी पडली की टायर जमिनीपाशी जास्त बसतो, बाजूची भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते आणि परत सरळ होते. ऐंशीच्या वेगाला अशा आकाराचं चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरतं. तितक्या वेळा ती भिंत वाकते आणि प्रत्येक वाकण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरात साठते. तार सारखी मागेपुढे वाकवली की वाकवल्या जागी गरम होते, तसंच हे. रबर उष्णता लवकर बाहेर टाकत नाही. आतले धाग्यांचे थर आणि रबर यांची पकड सैल व्हायला लागते, आणि हे सगळं बाहेरून दिसत नाही. वेग, ओझं आणि उन्हाने तापलेला रस्ता एकत्र आले की एखाद्या क्षणी थर सुटतात किंवा भिंत फाटते.

या गाडीला ठरलेल्या प्रवासात नेमक्या याच गोष्टी होत्या. पाच माणसं आणि सामान म्हणजे मागच्या टायरना ३९ हवे होते. डावा मागचा १८ वर होता. निम्म्याहूनही कमी.

हा धोका जगाला किती मोठ्या किमतीत कळला, तेही सांगायला हवं. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते आणि धावता धावता त्यांच्या नक्षीचा थर सुटून गाड्या उलटल्या होत्या. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआयची शिफारस केली होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० असावं असं होतं. टायरच्या बनावटीतला दोष किती, गाडीचा किती, हवेचा किती, यावर दोन्ही कंपन्यांचं एकमत झालं नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा ट्रेड (TREAD) कायदा आला, आणि त्यातून टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा हलक्या वाहनांना सक्तीची झाली. सप्टेंबर २००७ पासून तिथली प्रत्येक नवी कार या यंत्रणेसह येते. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कारना ती लागते. अमेरिकी नियमात दिवा लागण्याची मर्यादा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी, ही आहे. ३३ च्या हिशेबाने २५ च्या खाली. म्हणजे दिवा लागला नाही, याचा अर्थ हवा बरोबर आहे असा घेताच येत नाही. दिवा ही शेवटची पायरी आहे, आणि या घरात ती शेवटची पायरी दोनदा बटणाने बंद झाली.

समोर असलेले पर्याय

प्रवासाला पाच दिवस होते, त्यामुळे विचार करायला वेळ होता. वडिलांचा पहिला कल हवा भरून निघायचा होता. “गळती हळू आहे. सकाळी ३९ भरू, वाटेत दोनदा बघू.” आकड्यांपुरतं हे चाललं असतं. पण १८ वर हा टायर किती किलोमीटर आणि किती वेगाने पळालाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. झालेली इजा नुसत्या हवेने भरून निघत नाही. उलट पूर्ण हवा भरल्यावर टायर बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो आणि मनातली शंकाही निघून जाते.

नायट्रोजनचाही विषय निघाला. कुणीतरी सांगितलं होतं की नायट्रोजन भरला की दाब बदलतच नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तापमानाने नायट्रोजनचा दाब हवेइतकाच बदलतो. तो कोरडा असतो आणि रबरातून किंचित सावकाश झिरपतो, एवढा फायदा मान्य आहे. पण गळणाऱ्या टायरमधून तोही गळतोच. हा पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला.

टायरमध्ये ओतायचं सीलंट हा तिसरा मार्ग. वाटेत अडकल्यावर त्याचा उपयोग आहे. घरी, हाताशी वेळ असताना ते ओतलं तर गळती कुठे आहे हे शोधणंच अवघड होऊन बसतं, आणि चाकाचं बॅलन्सिंगही बिघडू शकतं.

चारही टायर नवे टाकावेत असं एका नातेवाइकाने सुचवलं. नक्षी मोजली तर सगळीकडे साडेचार मिलिमीटरच्या आसपास शिल्लक होती. झीज दाखवणाऱ्या खुणा नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटरवर असतात, तिथपर्यंत यायला अजून बराच अवकाश होता. बाहेरच्या कडा मधल्या भागापेक्षा थोड्या जास्त खाल्लेल्या होत्या, कमी हवेची ही ओळखीची खूण. पण तेवढ्यासाठी तीन चांगले टायर फेकणं मला योग्य वाटलं नाही. शिवाय गळती रिमला असेल, तर नवा टायरही त्याच जागी गळला असता.

राहिला शेवटचा पर्याय. आधी गळती शोधायची, मग टायर रिमवरून उतरवून आतून बघायचा आणि त्यानंतर ठरवायचं. याला वेळ लागणार होता, आणि निकाल ‘टायर बाद’ असाही येऊ शकत होता. मुलीने हाच धरून ठेवला.

काय केलं

संध्याकाळी मागच्या डाव्यात ३३ भरून ठेवले. दुसऱ्या सकाळी मोजले तर २९ निघाले. तापमान जवळपास तेवढंच होतं, त्यामुळे ही घट थंडीची नव्हती. म्हणजे गळती चालू होती.

चाक काढून आडवं ठेवलं आणि साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. आधी व्हॉल्व्ह. टोपी काढून तोंडावर फेस ठेवला, काही नाही. व्हॉल्व्ह हलवून त्याच्या बुडाशी पाहिलं, काही नाही. नक्षीच्या खोबण्यांत खिळा किंवा काच अडकली आहे का ते बोट फिरवून पाहिलं, तिथेही फेस फुगला नाही. मग टायर आणि रिम जिथे भेटतात ती कडा. बाहेरच्या बाजूला कोरडं. चाक उलटं केलं, आतली बाजू वर आली, आणि साधारण वीतभर लांबीत मोहरीएवढ्या बुडबुड्यांची रांग उठायला लागली. एकेक बुडबुडा अगदी सावकाश मोठा होत होता. घाईत पाणी मारून पुढे गेलो असतो तर हे दिसलं नसतं. कडेच्या गळतीला थांबून बघावं लागतं.

टायर रिमवरून सोडवला तेव्हा त्या जागी रिमवर पांढरट, खरखरीत थर होता. अलॉयला गंज धरला की असाच पापुद्रा येतो, आणि टायरची कड तिथे घट्ट बसत नाही. गळतीचं कारण मिळालं.

पण मला टायरच्या आत बघायचं होतं. हात आत फिरवून बाहेर काढला तर बोटांवर काळी, बारीक पूड आली. टॉर्च लावला. आतल्या भिंतीवर, पूर्ण गोलाकार, दोन बोटं रुंदीचा पट्टा घासून मळकट झाला होता, आणि दोन जागी अस्तरावर सुरकुत्या पडल्या होत्या. कमी हवेवर पळालेल्या टायरची भिंत इतकी वाकते की आतून स्वतःवरच घासते. ती पूड म्हणजे त्या भिंतीचंच रबर.

वडिलांनी टायर बाहेरून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. “नक्षी तर इतकी आहे याला,” ते म्हणाले. त्यांची चुटपुट खरी होती. साडेचार मिलिमीटर नक्षीचा टायर टाकून देणं कुणालाही जिवावर येतं. मी त्यांचा हात आत नेऊन तो पट्टा चाचपायला लावला आणि एवढंच सांगितलं की नक्षी रस्त्याला धरते, ओझं ही भिंत धरते, आणि आतून झिजलेली भिंत कुठल्याच पॅचने दुरुस्त होत नाही. नक्षीच्या मधल्या भागातलं छोटं भोक आतून पॅच आणि प्लग लावून नीट दुरुस्त होतं. बाजूच्या भिंतीला दुरुस्ती नाही. त्यांनी टायर बाजूला ठेवला आणि त्यावर खडूने मोठी फुली मारली, म्हणजे तो चुकूनही दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागू नये. हे त्यांना आपणहून सुचलं.

रिमची ती कड तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करून घेतली, कडेला सीलर लावला आणि व्हॉल्व्ह नवा बसवला. टायर उतरवलेलाच असताना रबरी व्हॉल्व्ह बदलून घ्यावा, नंतर त्यासाठी पुन्हा सगळं सोडावं लागतं. उरलेल्या तीन रिमच्या आतल्या कडांवरही साबणपाणी लावून पाहिलं, त्या कोरड्या होत्या.

मागच्या जोडीत एक नवा, एक अर्धा झिजलेला टायर नको, म्हणून मागे दोन्ही नवे घातले. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी नवे टायर मागेच बरे. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं पुढची पकड सुटण्यापेक्षा फार कठीण असतं.

मग स्टेपनीकडे वळलो. हवा १४ पीएसआय. बाजूच्या चार आकडी शिक्क्यावरून टायर कोणत्या आठवड्यात आणि वर्षात बनला ते कळतं. गाडीसोबत आलेला तोच टायर होता, एकदाही रस्त्यावर न उतरलेला, आणि भिंतीवर बारीक चिरा. आकार बाकीच्यांइतकाच असल्याने मागून निघालेला चांगला उजवा टायर स्टेपनीच्या रिमवर चढवला, आधी त्याचीही आतली बाजू टॉर्चने बघून. २५.५ वर पळूनही त्याच्या अस्तरावर खूण नव्हती.

हवा भरून झाल्यावरच अलाइनमेंट पुन्हा तपासली. ती थोडी बदलावी लागली, म्हणजे आधीची खरोखरच झुकलेल्या गाडीवर केलेली होती. सगळ्यात शेवटी, थंड टायरमध्ये चारही ३३ करून, यंत्रणा रीसेट केली. प्रवासाच्या सकाळी पुढे ३५ आणि मागे ३९.

परिणाम

प्रवास बिनघोर झाला. दुपारच्या थांब्यावर वडिलांनी हौसेने गेज लावलं, तर मागे ४४ दाखवत होतं. ते घाबरून चार पीएसआय सोडणार, एवढ्यात मुलीने थांबवलं. “बाबा, तापलेला आहे. सोडू नका. उद्या सकाळी कमी पडेल.” तापलेल्या टायरचा वाढलेला दाब टायर बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेला असतो. गरम टायरमधून हवा कधीही सोडायची नाही. दुसऱ्या सकाळी मागे ३९च होते. परत आल्यावर, गाडी रिकामी झाल्यावर, त्यांनी पुन्हा ३३ केले.

पुढचे दोन महिने त्यांनी दर पंधरा दिवसांनी सकाळी चारही टायरचे आकडे लिहून ठेवले. चारही जवळपास सारख्या गतीने उतरत होते, महिन्याला एकच्या आसपास. गाडीची ओढ गेली. ओल्या वळणावर मागची बाजू आता धरून राहते असं मुलगी सांगते. त्यात नव्या टायरचा वाटाही आहे, सगळं श्रेय हवेला देता येणार नाही. मायलेज सुधारलं असंही ती म्हणाली, पण याच काळात तिचा रोजचा रस्ता बदलला होता, म्हणून ते मी निष्कर्षात धरत नाही.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिल्यांदा दिवा लागला ती सकाळ सगळ्यात स्वस्तात सुटण्याची होती. तेव्हा थंड टायरचे चार आकडे घेतले असते तर एक टायर बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, हे बहुधा तिथेच दिसलं असतं. रिम साफ करून भागलं असतं आणि टायर वाचला असता. एका टायरचा आकडा एकटा फारसं सांगत नाही. चारही शेजारी लिहिले की बोलायला लागतात. चारही सारखे कमी असतील तर थंडी किंवा झिरपणं. एकच कमी असेल तर गळती.

दुसरा टप्पा, न मोजता रीसेट. यावर घरात आता नियम आहे की गेज लावल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. पण दोष एकट्या वडिलांचा नाही. बटण सहज हाताशी आहे आणि दाबलं की दिवा विझतो, माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. गाडी देताना विक्रेत्याने या बटणाचा अर्थ दोन वाक्यांत समजावून सांगायला हवा होता.

तिसरा टप्पा गॅरेजमधला. गाडी ओढतेय अशी तक्रार आली की आधी चारही टायरची हवा, मग पुढचं. तिथे पाच मिनिटं वाचवली गेली आणि अलाइनमेंट दोनदा करावी लागली. ग्राहकानेही एवढं विचारायला हरकत नाही की गाडी अलाइनमेंटला चढवण्याआधी हवा किती होती, आकडे सांगा.

पंपावर जाऊनच हवा भरणं ज्यांना भाग आहे, त्यांचा प्रश्न उरतो. टायर तापलेले असणारच. त्यासाठी आता या घरात एक पद्धत ठरली आहे. सकाळी घरी, गाडी उभी असताना स्वतःच्या गेजने मोजायचं आणि प्रत्येक टायरला किती कमी पडतंय ते लिहून घ्यायचं. समजा ३३ ला चार कमी आहेत. पंपावर पोचल्यावर पुन्हा स्वतःच्याच गेजने बघायचं, तिथे जो आकडा येईल त्यात चार मिळवायचे आणि तेवढं भरायचं. मशीनचा आकडा काहीही असो. गेज एकच ठेवायचं, म्हणजे त्यात थोडी चूक असली तरी दरवेळी तीच चूक राहते.

एका बाबतीत मी आजही पूर्ण निश्चिंत नाही, ती म्हणजे ती रिम. अलॉयचा गंज साफ केला तरी त्या जागी परत धरू शकतो, आणि सीलर कायमचा इलाज नाही. म्हणून त्यांच्या वहीत मागच्या डाव्यासमोर एक वेगळी ओळ आहे. तो बाकीच्या तिघांपेक्षा दोन पीएसआयने मागे पडला तर हवा भरून पुढे जायचं नाही, चाक उतरवून कड पुन्हा तपासायची, आणि दुसऱ्यांदा तसं झालं तर रिमच बदलायची.